मागच्याला न दिसलेला दिवा

शहाद्याच्या ज्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी शिकवतो तिथं गेल्या वर्षी एक निवृत्त मुख्याध्यापक गाडी शिकायला आले. क्लच सोडताना त्यांचा पाय थरथरायचा आणि गाडी उचक्या देत पुढे जायची. पण मोटारींच्या शर्यतींबद्दल बोलायला लागले की थांबायचं नाव नाही. साखर कारखान्याच्या रस्त्याला ऊस वाहणारे ट्रॅक्टर दिसले की हे गृहस्थ घाबरून गाडी बंद पाडायचे, आणि लगेच मला सांगायचे की अमेरिकेत अमुक शर्यतीत गाड्या ताशी तीनशेच्या वर पळतात. मी म्हणायचो, गुरुजी, आपण आधी तीसवर येऊ. आयुष्यभर पोरांकडून 'सर' ऐकलेला माणूस मला 'सर' म्हणायचा आणि मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

एकदा सावलीला गाडी उभी करून त्यांनी मला मोबाइलवर एक शर्यत दाखवली. मोठी थोरली गोल धावपट्टी, वळणावर भिंतीसारखी तिरपी केलेली. तिच्यावर तीस-चाळीस गाड्या एकमेकींना चिकटून पळत होत्या. पुढचीचा मागचा बंपर आणि मागचीचा पुढचा बंपर यात हाताची वीतही बसली नसती. गुरुजी समजावून सांगत होते. पुढची गाडी हवा फाडत जाते, मागची त्या पोकळीत ओढली जाते, म्हणून सगळ्या एकमेकींच्या पाठीला लागून जातात. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेलाच असतो. ब्रेक जवळपास कुणी मारतच नाही. फार तर उजवा पाय तसाच ठेवून डाव्या पायानं ब्रेकला नुसता स्पर्श करायचा, म्हणजे अंतर जरासं वाढतं. पुढच्यानं एकदम पाय उचलला तर मागच्या सगळ्यांचा चुराडा.

मी बराच वेळ बघत होतो. मग माझ्या लक्षात आलं आणि मी विचारलं, "गुरुजी, यांचे मागचे दिवे कुठंयत?"

"दिवे नसतातच. पुढचे दिसतात ना, तीसुद्धा चिकटवलेली चित्रं आहेत."

"मग पुढचा हळू झाला ते मागच्याला कळतं कसं?"

"कधी कधी नाही कळत," ते म्हणाले आणि खुशीत हसले. "तेच तर बघायला लोक जातात."

मी मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, आजचं झालं, उद्या या. अजून पाव तास बाकी होता. त्यांना वाटलं माझं बीपी वाढलं. मी तसं वाटू दिलं.

त्या दिवसापासून हे लिहावं असं डोक्यात घोळतंय. शिकवायला लागण्याआधी मी सोळा वर्षं तळोदा-धडगाव लाइनवर काळीपिवळी जीप चालवली. त्या काळातली एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. बायकोलासुद्धा नाही.

मला गाडी शिकवली ती तळोद्याच्या एका माणसानं. लाइनवर सगळे त्यांना उस्तादच म्हणायचे, मीही म्हणायचो. ठेंगणे, पायजमा-शर्ट, खिशात कायम तंबाखूची पुडी. आवाज चढवायचे नाहीत, पण टोमणा असा मारायचे की माणूस आठवडाभर चोळत बसेल. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "चढाले कोन्हीबी चढस. उतरता येवाले जोयजे."

सातपुड्यातून खाली येताना नवखा माणूस एकच गोष्ट करतो, ब्रेकवर पाय ठेवून बसतो. चार-पाच वळणांत ब्रेकचा लायनर तापतो, करपल्याचा वास येतो, आणि मग पायाखाली ब्रेक असून नसल्यासारखा. उस्तादांचा नियम जुना आणि साधा होता. ज्या गिअरवर चढलास त्याच गिअरवर उतर. वळण यायच्या आधी पाय उचल, दुसऱ्यात टाक, इंजिनालाच गाडी धरू दे. ब्रेक हा शेवटच्या घटकेचा मित्र, त्याला उठसूट त्रास द्यायचा नाही. पहिले दोन महिने त्यांनी माझ्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवून मला घाट उतरवला. पाय ब्रेककडे सरकला की गुडघ्यावर टिचकी. अजूनही मी ताणाखाली असलो की तो गुडघा आखडतो.

या शिकवणीतूनच लाइनवर एक खेळ सुरू झाला होता. दोन जीपा पाठोपाठ उतरत असल्या की मागचा ड्रायव्हर पुढच्याचा लाल दिवा किती वेळा लागला ते मोजायचा. खाली चहाच्या टपरीवर गाड्या थांबल्या की तो सगळ्यांसमोर जाहीर करायचा, "याचे आज चौदा." मग हशा. ज्याचे जास्त तो कच्चा. नव्या पोरांचे तीस-तीस व्हायचे आणि त्यांना कुणी 'दिवाळी' म्हणायचं, कुणी 'वरात'. उस्ताद अख्खा घाट दोन दिव्यांत उतरायचे. "लाल लावना म्हनजे घाटले घाबरना," असं ते म्हणायचे, आणि आम्ही सगळे देववाणी ऐकावी तसं ऐकायचो.

आता विचार केला की वाटतं, काय मूर्ख लोक होतो आम्ही. मागच्याला सावध करण्यासाठी कंपनीनं दिलेला दिवा, आणि तो लागला तर आम्हाला लाज. पण तेव्हा ती लाज खरी होती. मी सहा-सातवर आलो होतो. उस्ताद माझ्यामागे असले की माझ्या मानेचे केस उभे राहायचे, आणि खाली त्यांनी नुसतं "सहा" म्हटलं तरी मला दिवसभर पुरायचं. बापानं कधी पाठ थोपटली नव्हती. हा माणूस आकडा सांगून थोपटायचा.

धुक्यासाठी आणखी एक रीत होती. पावसाळ्यात घाटात असं धुकं बसतं की बोनेटच्या पुढचं दिसत नाही. अशा वेळी जीपा एकट्या उतरायच्या नाहीत, पाठोपाठ उतरायच्या. अवघड वळण पार केलं की पुढच्यानं एक हॉर्न द्यायचा. मागच्यानं ते वळण घेतलं की त्यानं एक हॉर्न परत द्यायचा. उत्तर आलं की पुढे सरकायचं. आणि धुक्यात पुढे कायम उस्ताद, कारण त्यांना डोळे मिटूनही रस्ता येत होता.

त्या वर्षी श्रावण संपत आला होता. आम्ही आदल्या संध्याकाळी धडगावला मुक्कामाला होतो, सकाळची पहिली फेरी खाली न्यायची होती. दोन जीपा, त्यांची आणि माझी. दोन्ही भरल्या. माझ्या शेजारी लाइनवरचाच एक ड्रायव्हर बसला, त्याची गाडी तळोद्याला गॅरेजमध्ये होती. उस्तादांच्या जीपमध्ये मागच्या कडेला वरच्या एका आश्रमशाळेतली स्वयंपाकीण बसली. तिला तळोद्याच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात कसला तरी कागद द्यायचा होता. ती कायम त्यांच्याच जीपनं जायची. बोलायची मोडक्या मराठीत, पण सांगायची की या बाबाच्या गाडीत पोटातलं पाणी हलत नाही.

निघायच्या आधी उस्तादांनी मला बाजूला घेतलं. जीपच्या मागं, जिथं कुणी ऐकणार नाही अशा ठिकाणी. ते चष्मा पुसत होते. इतक्या वर्षांत त्यांना चष्मा पुसताना मी पाहिलं नव्हतं, कारण चष्मा ते खिशातच ठेवायचे.

"आज तू पुढे ऱ्हाय," ते म्हणाले.

मी म्हणालो, "मी? धुकं शे, उस्ताद."

"धुकं शे म्हनीसनच." मग आवाज आणखी खाली आणला. "डोयाम्हा मोतीबिंदू उतरेल शे. दसराले आपरेशन करसू. माले पुढली गाडी दिखतच नही. लाल दिवा तेवढा दिखस, मोठा, ढगनागत. तू दर वयनवर लाल लायजो. समजनं?"

मी मान हलवली.

"आनि कोन्हाले सांगू नको."

मला त्या क्षणी काय वाटलं ते सरळ सांगतो. आधी भीती वाटली. आणि लगेच, तिच्याच पाठोपाठ, अभिमान वाटला. ज्या माणसानं अख्ख्या लाइनला लाल दिव्याची लाज शिकवली, तो माझ्याकडे लाल दिवा मागत होता. हातच जोडायचे बाकी होते. मी म्हणायला हवं होतं की उस्ताद, आज गाडी राहू द्या, दोन्ही गाड्यांची माणसं मी दोन फेऱ्यांत नेतो. पण त्यांना असं सांगणारा मी कोण, असं वाटलं. आणि खरं तर पुढे राहायला मिळणार होतं.

माझ्या जीपचे मागचे बारीक दिवे कधीच जळाले होते. एकाच बल्बात दोन तारा असतात, त्यातली बारीक गेलेली, ब्रेकची तेवढी शाबूत. त्या लाइनवर निम्म्या गाड्यांचं तसंच होतं, आणि बल्ब बदलायची कुणाला घाई नव्हती. म्हणजे ब्रेकवर पाय ठेवला तरच माझी जीप मागून दिसणार होती.

पहिली पाच-सहा वळणं मी शब्द पाळला. वळणाच्या बरंच आधी ब्रेकवर पाय ठेवायचो, दाबून धरायचो, मग गिअर टाकायचो. मागं आरशात पांढऱ्या धुक्यावर लाल रंग चढलेला दिसायचा. वळण झालं की हॉर्न. मग थोड्या वेळानं त्यांचा हॉर्न, एकच, आखूड. सगळं ठीक चाललं होतं.

शेजारचा ड्रायव्हर माझ्या पायाकडे बघत होता. ड्रायव्हर माणूस दुसऱ्याच्या गाडीत बसला की रस्त्याकडे बघत नाही, पायाकडे बघतो. तिसऱ्या वळणाला तो हसला. पाचव्याला म्हणाला, "काय भो, आज नवरी बठाडेल शे का गाडीम्हा?"

मी म्हणालो, "रस्ता वल्ला शे."

"वल्लं त दरसाल ऱ्हास. उस्ताद मांगे मोजी ऱ्हायनात. खाले तुन्ही वरात निंघी आज." मागच्या सीटवरच्या दोघातिघांना भाषा कळत होती, तेही हसले.

काय सांगणार होतो मी त्याला? उस्तादांचे डोळे गेले म्हणून? दुपारपर्यंत अख्ख्या तळोद्याला कळलं असतं. मी पुढची काच पुसली. पण कान तापले होते. मला वाटत होतं की हा खाली जाऊन सांगेल, याचे आज चाळीस, आणि उस्तादांना सगळ्यांसमोर मान हलवावी लागेल. मी स्वतःला हेच सांगत होतो, की उस्तादांसाठी वाईट वाटतंय. खोटं होतं ते. मला माझीच लाज वाटत होती.

मग उजवीकडचं मोठं वळण आलं, ज्याच्या आतल्या अंगाला दगडातून पाणी झिरपतं आणि रस्ता शेवाळतो. मी पाय उचलला. ब्रेकवर ठेवला नाही. दुसरा टाकला, क्लच अलगद सोडला, इंजिनानं गाडी धरली आणि जीप लोण्यासारखी वळली. शेजारचा म्हणाला, "हां, आते कसं." इतकंच झालं. एक वळण. मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं. त्या दोन सेकंदांत मला फार बरं वाटलं.

वळण पार करून मी हॉर्न दिला. मागून उत्तर आलं नाही.

मी जीप हळू केली आणि पुन्हा हॉर्न दिला. धुक्यात आवाज कापसात घातल्यासारखा विरतो, म्हणून तिसऱ्यांदा दिला. शेजारचा म्हणाला, म्हातारा लघवीला थांबला असेल. मी इंजिन बंद केलं. पाणी टपकत होतं. मागच्या सीटवर कोंबडी होती कुणाची तरी, ती कुरकुरत होती. आणि हॉर्न नव्हता.

मी उतरून चढावर पळत गेलो. त्यांची जीप वळणाच्या आतल्या अंगाला गटारात कलंडली होती, मागची बाजू डोंगराला लागलेली. त्यांना माझी जीप एकदम समोर दिसली असणार, अगदी तोंडावर आल्यावर, आणि त्यांनी जे आयुष्यभर केलं नव्हतं ते केलं, पूर्ण ताकदीनं ब्रेक मारला. शेवाळावर चाकं जागच्या जागी थांबली आणि गाडी फिरली; माझ्या इंजिनाच्या घरघरीत तो आवाज मला आलाच नव्हता. माझ्या जीपला ती टेकलीसुद्धा नाही. बहुतेकांना मुका मार होता. उस्तादांचा पाय स्टिअरिंगखाली अडकला होता. कडेला बसलेली स्वयंपाकीण बाहेर फेकली गेली होती. ती रस्त्यावर पडली होती, कागदाची पिशवी तिच्या हातातच होती. आम्ही तिला माझ्या जीपमध्ये घालून खाली आणलं. अर्ध्या घाटातच ती गेली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात हवालदारानं जबाब घेतले. उस्ताद स्ट्रेचरवर होते, शुद्धीवर होते. त्यांनी डोळ्यांचं काही सांगितलं नाही. म्हणाले, पुढच्यानं लाल लावला होता, मी पाहिला, पण माझा पाय उशिरा पडला. हवालदारानं माझ्याकडे बघितलं. "ब्रेक लावला होता ना तू?"

मी म्हणालो, "हो."

त्यानं लिहून घेतलं. मागून येणाऱ्याची चूक, हा कायदाच आहे, त्यात हवालदाराचा दोष नाही. शेजारचा ड्रायव्हर तिथंच उभा होता. त्यानं माझ्या पायाकडे पाहिलं आणि मूग गिळून बसला. दोन-तीन महिन्यांत तो सुरतेला टेम्पो चालवायला गेला, पुन्हा या लाइनवर आला नाही.

उस्तादांवर केस चालली. गाडी चालवणं सुटलं, लायसन गेलं, पाय आखूड राहिला. मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, एक डोळा सुधारला, दुसरा बिघडला, मग कालांतरानं सुधारलेलाही काचबिंदूनं गेला. मी त्यांच्याकडे जात राहिलो. दिवाळीला फराळ, उन्हाळ्यात केळी. लोक म्हणायचे, शिष्य असावा तर असा. मी ते ऐकून घ्यायचो. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण माझ्या बाबतीत उलटं झालं होतं. खाल्लं मी आणि खवखव त्यांना.

कारण ते दर वर्षी, श्रावण सरता सरता, स्वयंपाकिणीच्या आईकडे जायचे. आखूड पाय घेऊन जीपनं धडगाव, तिथून पाड्यापर्यंत चालत. त्यांना तिची पावरी बोली येत नाही, तिला यांची अहिराणी कळत नाही. ती पाणी द्यायची, हे ओट्यावर तासभर बसायचे आणि परत यायचे. डोळे गेल्यावरही कुणाचा तरी हात धरून जात होते. एका वर्षी तो हात माझा होता. म्हातारीनं मलाही पाणी दिलं. मी प्यायलो. ते पाणी कसं गिळलं ते मला माहीत.

घाट मी अपघातानंतर तीन वर्षांत सोडला. कारण विचारलं की सांगायचो, पोरांच्या शाळेसाठी शहाद्याला आलो. खरं कारण हॉर्न होता. धुकं असो नसो, कुठलंही वळण घेतलं की माझे कान मागं लागायचे. आणि कधीकधी उत्तर यायचं. एकच, आखूड. आरशात बघावं तर रस्ता मोकळा. मला भुताखेतांचं काही वाटत नाही, दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मी त्याला डॉक्टरकडे पाठवलं असतं. पण तो हॉर्न मी ऐकलाय. शहाद्याच्या सपाट रस्त्यावर, केळीच्या बागांमधून जातानाही ऐकलाय. हॉर्न आला की मला बरं वाटायचं, हेच त्यातलं वाईट. क्षणभर वाटायचं, चला, आले ते.

आता मी शिकाऊ लोकांना एकच गोष्ट घोकून घेतो. हळू व्हायच्या आधी ब्रेकवर पाय टेकव. लागू दे दिवा. मागं कुणी नसलं तरी लागू दे. ते मला हसतात. मोकळ्या मैदानावर, जिथं कुत्रंही नसतं, तिथं हा माणूस कुणाला दिवा दाखवतोय म्हणून. एकदा एका बाईंनी विचारलंही, सर, गिअरनं गाडी हळू होते ना? मी त्यांच्यावर इतका खेकसलो की दुसऱ्या दिवशी माफी मागावी लागली.

गुरुजींनी शर्यत दाखवली त्याच आठवड्यात मी तळोद्याला गेलो. उस्ताद झोपले होते. मावशी, म्हणजे त्यांची बायको, दारात बसून शेंगा फोडत होत्या. मीही मूठभर शेंगा घेऊन फोडायला बसलो, इकडचं तिकडचं झालं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "झोपम्हा पाय दाबतस रे आजूनबी. खाटलानी पट्टी तुटी गयी. मी म्हनस, काय दाबतस? त म्हनतस, उशीर व्हयना, उशीर व्हयना."

मी शेंगा तिथंच ठेवल्या. मला त्या घटकेला जे कळलं ते आधी का कळलं नव्हतं, याचं मला अजून नवल वाटतं. मी इतकी वर्षं माझ्या पापाचं ओझं वाहतोय असं मला वाटत होतं. मी काहीच वाहत नव्हतो. ते वाहत होते. त्या बाईच्या मरणाचा हिशेब ते आपल्या पायाकडून मागत होते, आणि तो पाय उशिरा पडलाच नव्हता. दिवाच नव्हता तर पाय कशावर पडणार? एक वाक्य बोललो असतो तर हा माणूस झोपला असता. आणि मी केळी घेऊन येत होतो.

ते उठेपर्यंत मी बसून राहिलो. चार वाजता त्यांना हाताला धरून ओट्यावर आणलं. तंबाखू मळून दिली. मग मी त्यांच्यासमोर खालीच बसलो आणि बोललो. इतक्या दिवसांत हजारदा मनात म्हटलेलं होतं, तरी जीभ वळत नव्हती.

"उस्ताद, त्या दिनले, त्या वयनवर, मी लाल लावाच नही व्हता."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. डोळे दोन्ही दुधाळ.

"बाजूवाला हसना माले. मन्ही माले लाज वाटनी. मी नुसता गिअर टाका. तुम्हले दिखाले काहीच नव्हतं. तुमनी काही चूक नही. ती बाई मन्हामुये गयी. पोलीसले मी खोटं सांगं."

मावशींचे हात थांबले होते. मी बोलतच होतो, सगळं सांगितलं, मला बरं वाटलं तेसुद्धा सांगितलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसत नव्हतो, कारण त्यांना दिसणार नव्हतं. मला वाटलं ते मारतील. वाटलं मारावं. निदान शिवी द्यावी, ऊठ म्हणावं, पुन्हा दारात येऊ नको म्हणावं.

ते हसले. तोंडात तंबाखू होती म्हणून ओठ मिटून हसले. मग चाचपडत हात पुढे केला, माझं डोकं सापडलं, त्यावर ठेवला.

"तू भला शे रे," ते म्हणाले. "मन्हासाठे खोटं बोलस."

"नही, उस्ताद. खरं सांगस. आईनी आन."

"आन नको खाऊ. तुन्हा पाय मी शिकाडेल शे. मी तुले सांगं व्हतं ना, लाल लायजो? मन्हा शब्द तू एकबी दिन मोडा का? आनि त्याच दिनले मोडशी?" त्यांनी मान हलवली. "नही. दिवा व्हता. मी देखा. मोठा, ढगनागत. मन्हाच पाय उशिरा पडना."

मी मावशींकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांना कळलं होतं. त्यांनी माझा चेहरा पाहिला होता. तो पाहायला त्यांना डोळे होते. त्या उठल्या. पदरातल्या शेंगा सुपात ओतल्या आणि आत गेल्या. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. चहा ठेवतात आणि जातात.

मी पुन्हा समजावलं. बारीक तार जळाली होती ते सांगितलं, शेजारचा काय म्हणाला ते शब्दाला शब्द सांगितलं. सुरतेहून त्या ड्रायव्हरला बोलावतो म्हणालो. ते नुसते ऐकत होते, पोराचा हट्ट ऐकावा तसे. मी थकून थांबलो. रस्त्यानं धडगावची जीप गेली, तिच्याकडे त्यांनी कान दिला. मग माझ्या डोक्यावरचा हात जरा दाबला.

"पन आयकाले बरं वाटनं," ते म्हणाले. "मन्ही चूक नही, आसं कोन्ही म्हनंच नही माले इतला सालम्हा. खोटं ऱ्हायनं तरी बरं वाटनं. आजून एकदाव सांग बरं."

मी सांगितलं. त्या वळणावर मी दिवा लावला नव्हता, उस्ताद, तुमची चूक नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि सगळं शेवटपर्यंत ऐकलं.

आता दर आठवड्याला मी तळोद्याला जातो. ओट्यावर बसतो, तंबाखू मळून देतो. इकडच्या तिकडच्या गप्पा होतात, कुणाची जीप विकली, कुठं रस्ता खचला. मग ते थोडे सरकून बसतात आणि म्हणतात, "सांग आते." मी सांगतो.